तालुक्याला रेल्वे आणा, गाडीची घाई करू नका

तर तुम्ही निवडून आलात, किंवा यायचं मनात आहे, आणि आपल्या भागात रेल्वे नाही हे तुमच्या ध्यानात आलंय. अभिनंदन! जन्मभर पुरेल असा विषय हाती लागला. रस्ता मागितला तर तो मेला दोन-तीन वर्षांत होऊन बसतो आणि पुढच्या निवडणुकीत त्यातले खड्डे तुमच्या नावावर चढतात. रेल्वेचं तसं नाही. रेल्वे वडिलांनी मागावी, मुलाने पाठपुरावा करावा आणि नातवाने श्रेय घ्यावं.

सुरुवात सर्वेक्षणाने करा. आधी प्राथमिक सर्वेक्षण, मग वाहतुकीचं, मग ते जुनं झालं म्हणून नव्याने. त्यानंतर येतं ते अंतिम सर्वेक्षण. 'अंतिम' म्हटलं म्हणून घाबरू नका, पुढे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल आहे, त्याची छाननी आहे, आणि उत्पन्नाचा दर कमी आला म्हणून तो परत येण्याची सोयही आहे. प्रत्येक पायरीवर 'रेल्वेमार्गाला हिरवा कंदील' अशी बातमी छापून येते. कंदील एकच, पण दर दोन वर्षांनी दाखवता येतो. दिल्लीत मंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो मात्र नीट काढून घ्या: कागद दोघांनी धरलेला, नजर दोघांची कॅमेऱ्याकडे. कागद कोणी वाचताना दिसला तर फोटो बिघडतो.

या शास्त्रातलं आदर्श उदाहरण म्हणजे नगर–बीड–परळी. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, तो वाढत वाढत ४,८०० कोटींवर गेला. निम्मा खर्च राज्याने उचलायचा ठरलं, ही तर पर्वणीच. केंद्राने म्हणावं राज्याचा हिस्सा आला नाही, राज्याने म्हणावं केंद्राची तरतूद अपुरी आहे, आणि दोन्हीकडे आपलंच सरकार असेल तर म्हणावं की शेतकऱ्यांनी जमीन अडवली. २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली, २०२४ मध्ये अमळनेरला. जळगावकडच्या अमळनेरला नव्हे हो, बीड जिल्ह्यातल्या. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, ती बीडला पोचली. तीस वर्षं! ज्यांनी विशीत 'रेल्वे आलीच पाहिजे' म्हणून रस्ता रोखला, त्यांचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात. साठी ओलांडलेल्यांना तिकिटात सवलत मिळाली असती, पण ती २०२० पासून बंद आहे.

आता गाडी आलीच, तर हताश होऊ नका. खरं कसब वेळापत्रकात आहे. बीडची डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकल, सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक चौकटीत लावून ठेवावं असं होतं. सकाळी सातच्या आत नगरहून निघायचं, दुपारी साडेबाराला बीड. एकला बीडहून निघायचं, संध्याकाळी साडेसहाला नगर. रविवारी गाडीलाही सुट्टी. म्हणजे नगरच्या माणसाला बीडमध्ये अर्धा तास मिळणार. तेवढ्यात चहा होतो, कोर्टाची तारीख होत नाही. आणि बीडच्या ज्या म्हातारीला नगरच्या डॉक्टरला गुडघा दाखवायचाय, ती पोचेपर्यंत ओपीडी कधीच उठलेली. रात्री नातेवाइकाकडे मुक्काम, आणि परतीची गाडी उजाडताच सात वाजायच्या आत. डॉक्टर काही पहाटे बसत नाहीत. मग म्हातारी मुकाट एसटीने जाते, जी त्याच अंतराला बराच कमी वेळ घेते.

सहा महिन्यांनी आकडे मागवा. 'प्रवाशांचा प्रतिसाद अत्यल्प.' झालं! डबे कमी करता येतात, फेरी कमी करता येते, आणि 'आम्ही गाडी दिली, लोकांनीच पाठ फिरवली' असं पत्रकार परिषदेत खेदाने म्हणता येतं.

ज्यांच्याकडे आधीपासून पॅसेंजर धावते त्यांनीही नाराज व्हायचं कारण नाही, विस्ताराला वाव आहे. करोनाच्या काळात एक फार सुंदर युक्ती निघाली होती. डबे तेच, इंजिन तेच, प्रत्येक स्टेशनावरचा थांबा तोच आणि मागून येणाऱ्या मेलसाठी लूप लाइनला उभं राहणंही तेच, फक्त गाडीला 'स्पेशल' किंवा 'एक्स्प्रेस' म्हणायचं. त्याबरोबर कमीत कमी तिकीट दहा रुपयांचं तीस रुपये होतं. शेजारच्या गावी भाजी विकायला जाणाऱ्या बाईला एका दिवसात एक्स्प्रेसची प्रवासी केलं, याला प्रगती नाही म्हणायचं तर कशाला? २०२४ च्या फेब्रुवारीत कोणाला तरी लाज वाटली आणि भाडं पुन्हा दहावर आलं. असे अपवाद घडतात.

कोकणातल्या मंडळींनी तर विस्ताराचा उलटा प्रयोगही पाहिलाय. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर ठाण्याच्या पुढच्या दिवा स्टेशनावरून सुटू लागली. गाडी तीच, लोकांनी फक्त आपल्या पेट्या, फणस आणि पोरं घेऊन दिव्यापर्यंत यायचं. सावंतवाडी टर्मिनसची कोनशिला २०१५ ची आहे. कोनशिला भक्कम असते, तिला दुरुस्ती लागत नाही.

मोठी शहरं हाताशी असतील तर विज्ञानाची मदत घ्या. पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचं तर कल्याणचा वळसा पडतो. म्हणून सरळ मार्गाची सेमी हायस्पीड आखली, भूसंपादनही सुरू झालं, आणि मग नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आडवी आली. गाडीच्या विजेच्या गोंगाटाने आकाशगंगेतले क्षीण संदेश ऐकू येणार नाहीत. आक्षेप शंभर टक्के खरा आहे, म्हणूनच तो सोन्यासारखा आहे. दुर्बीण गेली तीस वर्षं तिथेच उभी आहे, तीस तीस थाळ्या, लपवलेली नाही. पण आखणी करणाऱ्यांना ती दिसायला वेळ लागला यात नवल काय, तिचं काम दूरचं पाहण्याचं आहे, आपलं नाही. आता मार्ग शिर्डीकडून वळवायची चर्चा आहे. वळवला की नवं सर्वेक्षण आलं, म्हणजे तुम्ही पुन्हा कामाला लागू शकता.

दरम्यान स्टेशन सजवत राहा. ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्थानकांची पायाभरणी एका दिवसात झाली, त्यात महाराष्ट्राची ४४. प्रवेशद्वाराला किल्ल्याचा बुरूज, आत सेल्फी पॉइंट. थांबणाऱ्या गाड्या दिवसाला दोन असल्या तरी फोटो चोवीस तास काढता येतात.

आणि नवीन मार्ग, नवीन गाडी यातलं काहीच जमलं नाही, तर निदान एखाद्या जाणाऱ्या एक्स्प्रेसला आपल्या गावी दोन मिनिटांचा थांबा मिळवा, 'प्रायोगिक तत्त्वावर'. थांब्यालाही झेंडा दाखवता येतो. फलाटावर मंडप, ढोल-ताशा, लोको पायलटच्या गळ्यात हार, इंजिनाला नारळ. बँडच्या आवाजात गार्डची शिट्टी ऐकू येत नाही, त्यामुळे दोन मिनिटांचा थांबा त्या दिवशी पंचवीस मिनिटांचा होतो आणि आतले प्रवासी खिडकीतून तुमच्या नावाने काहीबाही बोलतात. हात हलवत राहा, व्हिडिओत ते अभिवादनासारखंच दिसतं. मग कार्यकर्त्यांसह डब्यात चढून पुढच्या स्टेशनापर्यंत जा. तुमची इनोव्हा ड्रायव्हरला सांगून आधीच तिकडे रवाना करा. तुम्ही उतराल तेव्हा तो एसी लावून, पेपर वाचून झालेला असेल.