समेट कोणाशी, कोणाच्या अटींवर? : म्यानमारवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

म्यानमारवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही हातचं न राखता देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : टाळी एका हाताने वाजत नाही. लष्कराने वेळोवेळी चर्चेचं दार उघडलं, लोकशाहीवाद्यांच्या नेत्या आंग सान स्यू कीच हटून बसल्या. १९९५ मध्ये त्यांच्या पक्षाने राष्ट्रीय अधिवेशन सोडलं, २०१० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, आणि सत्ता मिळाल्यावर त्याच बाई लष्कराची वकिली करायला हेगला गेल्या. तेव्हा विरोधकांना झुकतं माप कशासाठी? आता तरी त्यांनी लष्कराने घेतलेली निवडणूक मान्य करून समेट करावा. ‘पुण्यात बसून लोकशाहीचे धडे देणं सोपं असतं’ हा टोला मात्र मी गोड मानून घेतो.

तुमचा सगळा भार राष्ट्रीय अधिवेशनावर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मे १९९० च्या निवडणुकीत नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने, म्हणजे एनएलडीने, ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला मिळाल्या १०. निकाल लागल्यावर जनरल मंडळींनी सूर बदलला : आधी राज्यघटना, मग सत्तांतर. ती घटना लिहायला जानेवारी १९९३ मध्ये अधिवेशन भरवलं, तर सातशेच्या आसपास प्रतिनिधींत लोकांनी निवडून दिलेले शंभरसुद्धा नव्हते. बाकीचे बहुतेक लष्कराने वेचून आणलेले. अधिवेशनाची उद्दिष्टंही आधीच ठरलेली, आणि त्यातलं एक होतं भावी राज्याच्या राजकीय नेतृत्वात लष्कराचा वाटा! ज्यावर भांडायचं, तेच आधी मान्य करून आत या, असा हा प्रकार. एनएलडीचे लोक तिथे जवळजवळ तीन वर्षं बसले, त्यातला बहुतेक काळ त्यांची नेता स्वतःच्या घरात कोंडलेली असताना. मला आश्चर्य वाटतं ते याचं. नोव्हेंबर १९९५ मध्ये ते बाहेर पडले, तर लष्कराने त्यांची नावंच कापून टाकली. जून १९९६ मध्ये कायदा आला : अधिवेशनावर टीका केली किंवा परस्पर घटनेचा मसुदा तयार केला, तर २० वर्षांपर्यंत कैद. ते अधिवेशन मध्ये अनेक वर्षं गुंडाळून ठेवून २००७ मध्ये एकदाचं संपलं. तुम्ही याला उघडं दार म्हणत असाल तर आपले शब्दकोश वेगळे आहेत.

बोलणी झाली नाहीत असं मी कुठेच लिहिलेलं नाही. झाली. ऑक्टोबर २००० पासून गुप्तपणे झाली, संयुक्त राष्ट्रांचे दूत रझाली इस्माईल यांनी मध्ये पडून झाली. मे २००२ मध्ये स्यू कींची सुटका झाली तेव्हा आता ‘विश्वासनिर्मिती’चा टप्पा संपून खरी चर्चा सुरू होणार, असं सगळेच म्हणत होते. वर्षभराने, ३० मे २००३ ला, डेपायिनजवळ त्यांच्या ताफ्यावर सरकारधार्जिण्या जमावाने हल्ला केला, माणसं मारली गेली, आणि अटक झाली ती स्यू कींनाच. रझालींना पुढे देशात पाऊलही ठेवू देईनात, जानेवारी २००६ मध्ये त्यांनी पद सोडलं. आणि लष्करातला ज्याला त्यातल्या त्यात बोलका म्हणत, तो पंतप्रधान खिन न्युंट? ऑक्टोबर २००४ मध्ये त्यालाच पदावरून काढून घरात डांबलं, पुढच्या वर्षी शिक्षाही ठोठावली. समोरच्यालाच नव्हे, आपल्या बाजूने बोलणाऱ्यालाही कोंडायची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असेल, तर त्या बैठकीत दिलेल्या शब्दाला जामीन कोण राहणार?

माझा मुद्दा एवढाच होता आणि आहे. स्यू की संत आहेत असं मी म्हटलेलं नाही. वाटाघाटीत दिलेला शब्द मोडला तर मोडणाऱ्याला काही किंमत मोजावी लागली पाहिजे. म्यानमारच्या लष्कराला ती कधीच मोजावी लागली नाही.

आता तुमचा दुसरा धागा : त्यांनी जरा नमतं घेतलं असतं तर? हा प्रयोग होऊन गेला आहे हो. १९ ऑगस्ट २०११ ला राजधानी नेपिडॉमध्ये स्यू की आणि राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांची भेट झाली. तो फोटो आठवतो का? दोघं शेजारी उभे, आणि मागे भिंतीवर जनरल आंग सान यांची तसबीर. सैन्याचा संस्थापक आणि स्यू कींचे वडील, एकाच चौकटीत. त्यानंतर एनएलडीने एकेक पाऊल मागे घेतलं. एप्रिल २०१२ ची पोटनिवडणूक लढवली, लढवलेल्या ४४ पैकी ४३ जागा जिंकल्या. ज्या २००८ च्या घटनेला ते बोगस म्हणत होते तिच्या शपथेवरून काही दिवस अडून बसले, मग तीच शपथ घेतली. (ही घटना ज्या सार्वमतात मंजूर झाली ते नर्गिस चक्रीवादळानंतर आठवड्याभरात, मृतदेह अजून पाण्यात असताना सुरू केलं होतं. होकार ९२ टक्क्यांवर!)

त्या घटनेतलं कलम ४३६ कागद-पेन घेऊन बघा. संसदेची दोन्ही सभागृहं मिळून ६६४ जागा. त्यातल्या १६६ लष्कराच्या, सरसेनापतीने नेमलेल्या, गणवेशातल्या. उरल्या ४९८. महत्त्वाच्या कलमांत बदल करायला ७५ टक्क्यांहून अधिक मतं लागतात. ६६४ चे ७५ टक्के किती? बरोबर ४९८. देशातला झाडून सगळा निवडून आलेला सदस्य एका बाजूला उभा राहिला तरी एक मत कमी पडणार, आणि ते एक मत बराकीतून यायला हवं. ही मर्यादा ७० वर आणायचा प्रस्ताव जून २०१५ मध्ये पडला, मार्च २०२० मध्येही दुरुस्त्या अडल्या. मुलं ब्रिटिश नागरिक म्हणून स्यू की राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नव्हत्या. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापतीच्या माणसांकडे. एवढं सगळं मान्य करून एनएलडीने पाच वर्षं सरकार चालवलं.

हेगचं म्हणाल तर डिसेंबर २०१९ मधल्या त्या बचावाबद्दल माझं मत तुमच्याहून कडक आहे. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि या बाई हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहून वंशसंहाराचा आरोप फेटाळत होत्या. पण हे उदाहरण तुमच्याच युक्तिवादावर उलटतं. लष्करासाठी याहून जास्त झुकायचं म्हणजे काय करायचं होतं? सव्वा वर्षाच्या आत, १ फेब्रुवारी २०२१ ला, नवी संसद भरायच्या दिवशी पहाटे, लष्कराने बंड करून त्यांनाच उचललं.

एनएलडीला खरंच धारेवर धरायचं असेल तर दुसरीकडून धरा. नव्वदच्या दशकापासून संयुक्त राष्ट्रांत बोललं जात होतं ते त्रिपक्षीय चर्चेबद्दल : लष्कर, लोकशाहीवादी आणि काचिन, कारेन, शान, चिन असे वांशिक समूह. तिसऱ्या खुर्चीवर कोणाला बसू द्यायचं, याची घाई ना जनरलना होती ना यांगूनच्या, बहुसंख्याक बमार समाजातल्या पुढाऱ्यांना. फेब्रुवारी १९४७ मध्ये आंग सान यांनी पांगलाँग गावी या समूहांना स्वायत्ततेचा शब्द दिला, तो पाळला गेला नाही. त्यांच्या मुलीने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘एकविसाव्या शतकातलं पांगलाँग’ नावाची परिषद भरवली, त्यातूनही हाती फारसं लागलं नाही. गंमत बघा, खरा समेट दिसू लागला तो लष्कराच्या बंडानंतर आणि लष्कराला वगळून. विरोधकांच्या राष्ट्रीय एकता सरकारने जून २०२१ मध्ये रोहिंग्यांना हक्क देण्याचं जाहीर केलं. अनेक बमार तरुण सीमेवरच्या ज्या सशस्त्र वांशिक संघटनांना लहानपणापासून फुटीर म्हणत आले, त्यांच्याच छावण्यांत शिकायला गेले. यात मतभेद, भाऊबंदकी सगळं आहे, पण कोणाला कोंडायची किल्ली एकाच्याच हातात नाही.

भारताबद्दल थोडंच. आपण स्यू कींना नेहरू पुरस्कारही दिला आणि लष्करशहा थान श्वेंसाठी लाल गालिचाही अंथरला. सीमा लागून आहे, मागे चीन उभा आहे, समजू शकतो. थेन सेन तर डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीला थिबा राजाच्या समाधीवर येऊन गेले. मेलेल्या राजाशी जुळवून घेणं त्यातल्या त्यात सोपं.

राहिला तुमचा शेवटचा सल्ला : डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेली निवडणूक मान्य करा आणि बसा. कोणी बसायचं? एनएलडी मार्च २०२३ मध्येच विसर्जित केली गेली. एप्रिल २०२१ मध्ये जकार्त्यात आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या पाच कलमांवर, बंड करणारे सरसेनापती मिन आंग लाइंग यांच्या उपस्थितीत एकमत झालं, आणि दोनच दिवसांत नेपिडॉहून निरोप आला की परिस्थिती निवळल्यावर विचार करू. जुलै २०२२ मध्ये चार राजकीय कैद्यांना फाशी दिली, त्यात एनएलडीचा एक माजी खासदार होता. या क्रमात विरोधकांचा हट्ट नेमका कुठे बसतो, ते मला दाखवा. आणि कलम ४३६ चा हिशेब तुमच्याकडे वेगळा येत असेल तर तोही जरूर लिहा.