फिल्टरला आंघोळ घालणाऱ्यांसाठी

'पावसाळ्यात गाडीचा एसी फिल्टर जीव घेऊ शकतो' हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. फिरला असता तरी चाललं असतं, पण कोथरूडच्या मामांनी तो अमलात आणला. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा हाच एसी फिल्टर, शाम्पूने धुतला, वरून सॅनिटायझर फवारलं आणि बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला.

आधी या धुण्याचंच बघू. हा फिल्टर म्हणजे नुसती चाळणी नव्हे. त्यातल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या तंतूंना कारखान्यातच विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक धूळ मुख्यतः त्याच्याच ओढीने चिकटते. साबण आणि अल्कोहोल नेमका तोच भार घालवतात. हे मी मनाचं सांगत नाही. इमारतींच्या एअर फिल्टरसाठी आयएसओ १६८९० हे २०१६चं आंतरराष्ट्रीय मानक आहे. भार गेल्यावर फिल्टरची किती ताकद उरते हे मोजायला त्यात फिल्टर मुद्दाम आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवतात. बहुतेक सॅनिटायझरमध्ये हेच, नाहीतर याचंच भावंड असतं. प्रयोगशाळा फिल्टर निकामी करायला जे वापरते, ते आपण 'जंतू मरावेत' म्हणून फवारतोय! वर धुतलेला फिल्टर दिसतो पांढराशुभ्र, त्यामुळे समाधानही होतं. पण घड्या वाकड्या झालेल्या, कडेची पट्टी मऊ पडलेली. खाचेत बसवला की हवा फटीतून बाजूने निघून जाणार.

त्याच फॉरवर्डमध्ये पुढे, 'उन्हात फिल्टर वितळून विषारी वायू सुटतो' म्हणे. पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. मे महिन्यात स्टिअरिंगला हात लाववत नाही हे खरं, पण म्हणून गाडीची भट्टी होत नाही.

'कार्बन फिल्टर असला की इंजिन चालू ठेवून एसीत झोपा', हे मात्र कोणी लिहिलं त्याला शोधायला हवं. अशा फिल्टरमधला सक्रिय कार्बन, म्हणजे वास शोषणारा खास कोळसा, इंजिनच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, आणि त्या वायूला वासही नसतो. बंद पार्किंगमध्ये असं झोपलेला माणूस उठेलच असं नाही.

'पावसाळ्यातल्या दमटपणाने फिल्टर बिघडतो' हे अर्धं खरं आहे, मान्य. जुलै-ऑगस्टच्या हवेतली वाफ कार्बनच्या छिद्रांतली जागा अडवते, मग धुराचा वास कमी शोषला जातो. गाडी तापली की आधी धरलेला वास थोडा परतही सुटतो. ओल्या फिल्टरवर बुरशीही धरते. पण फिल्टर ओला होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पुढच्या काचेखालच्या जाळीत तुंबलेली झाडाची पानं. ती काढा ना! त्याऐवजी सल्ला काय, तर 'चार महिने फिल्टरच काढून ठेवा'. कुबट वास बऱ्याचदा फिल्टरमागच्या ओल्या कूलिंग कॉइलचा असतो. फिल्टर काढला की रस्त्यावरची सगळी धूळ थेट तिच्यावर जाऊन बसणार.