डबल ट्रॉली कशी ओलांडावी

गळीत हंगाम सुरू झाला, की कृष्णाकाठ असो नाहीतर भीमाकाठ, दुपदरी रस्त्यावर तुमच्यापुढे एक उसाचा ट्रॅक्टर असतो आणि त्याच्यामागे दोन ट्रॉल्या. तुम्हाला घाई असते. कशाची, ते पोचल्यावर बघता येईल.

पहिलं काम म्हणजे ट्रॉलीला चिकटा. काही भित्री मंडळी तीस-चाळीस मीटर मागे राहतात. तिथून पुढचा रस्ता दिसतो म्हणे. पण रस्ता दिसला की समोरून येणारी एसटीही दिसते, आणि एसटी दिसली की निघायची हिंमत होत नाही. शिवाय एवढी जागा सोडलीत तर त्यात दोन मोटारसायकली आणि एक वडाप येऊन बसेल. तेव्हा बाहेर लोंबणारा ऊस काचेला लागेल इतके जवळ जा आणि मान उजवीकडे काढून नशिबाचा अंदाज घ्या.

गणितात पडू नका. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललाय, तुम्ही ५० ने. दोन्ही ट्रॉल्या आणि पुढची-मागची मोकळी जागा धरून त्याच्यापेक्षा पन्नासेक मीटर जास्त कापायचे, म्हणजे सहा सेकंद. तेवढ्यात तुम्ही ८० मीटर पुढे जाता आणि समोरून ७० ने येणारा जवळजवळ १२० मीटर तुमच्याकडे येतो. म्हणजे किमान २०० मीटर रस्ता रिकामा हवा, तोही तुम्ही आधीपासून ५० ने येत असाल तर. तुम्ही तर ट्रॉलीला चिकटून २० ने रांगताय. एवढा हिशोब करेपर्यंत कारखाना येईल.

त्यापेक्षा समोरच्यावर विश्वास ठेवा. आपल्याकडे ओव्हरटेक ही एकट्याने करायची गोष्टच नाही. निघायचं तुम्ही, ब्रेक मारायचा त्याने. तो कोण, कुठला, त्याच्या गाडीचे ब्रेक कसे, हे विचारत बसायचं नाही. त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असणारच, म्हणजे थांबेल. जाता जाता डिपर मात्र मारा. आपण मारलेल्या डिपरचा अर्थ ‘मी येतोय’. त्याने मारलेल्या डिपरचा अर्थ ‘या, या’.

हॉर्नवर फार विसंबू नका. गाड्यांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला २०१५ मध्ये राज्य सरकारने बंदी घातली. ट्रॅक्टरवाल्यांनी त्याआधीच टेपचा आवाज वाढवून आपल्यापुरता प्रश्न सोडवला होता. आरसा असलाच तर त्यात तुम्ही नसता, ऊस असतो.

मग उरतो इंडिकेटर. ट्रॉलीला तो असणं हाच एक योग, पण समजा ट्रॅक्टरने डावा दिला. अर्थ: ‘जावा पुढं.’ किंवा तो डावीकडे वळतोय. किंवा सकाळी वळला होता, तेव्हापासून चालूच आहे. उजवा दिला तर ‘थांबा, समोरून गाडी आहे’, नाहीतर उजवीकडच्या पाणंदीत तो वळणार आहे आणि तुम्ही नेमके त्याच्या बाजूला आहात. ड्रायव्हरने हात हलवून ‘या’ म्हटलं तर बेलाशक निघा. रस्ता त्याला दिसतोय, तुम्हाला नाही; आणि चुकलाच तर चूक त्याची, गाडी तुमची.

रात्री समोर एकच दिवा दिसला तर ती मोटारसायकलच. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर असेल, असली शंका अपशकुनी. पुढची कार ओव्हरटेकला निघाली तर तिच्या शेपटीला लागा. तिने जागा एकाच गाडीपुरती बघितली असेल, पण तुम्ही काही जास्त जागा मागत नाही. रस्त्यावरच्या अखंड रेघेची भीती बाळगू नका, ती वळणावर आणि चढावर असते आणि तिथेच तर ट्रॅक्टर सगळ्यात हळू चालतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये बेकायदा ओव्हरटेक हे धोकादायक ड्रायव्हिंग असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. तुरुंगाचीही तरतूद आहे. असू द्या, कायदाही ट्रॉलीच्या मागेच कुठेतरी अडकलेला असतो.

डावीकडे बसलेली सौ. पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असेल, तिकडे बघू नका. घुसा.

निघालात? छान. आता दिसेल की पुढे आणखी चार ट्रॅक्टर आहेत आणि सगळ्यांच्या पुढे एक बैलगाडी. तुम्ही दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या फटीत नीट बसला आहात. मागून कोणीतरी डिपर मारू लागेल. त्याला डावा इंडिकेटर द्या. काय अर्थ लावायचा ते त्याचं तो बघेल.