फुकट धान्याने माणूस आळशी होतो म्हणे!

सध्या इंदूरच्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं : मंदी येते नि जाते. पूर्वी सरकार कोणाला काही देत नव्हतं, लोक आपापले सावरले. आता फुकट धान्याने माणसं आळशी झालीत, कामाला कोणी मिळत नाही, काहीजण तर रेशनचा तांदूळ दुकानात विकतात. आणि कापडाच्या मिली बंद पडल्या तरी इंदूर वाढलंच ना? रामबागेपासून सुदामानगरपर्यंत तो सगळ्यांनी पुढे ढकललाय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी आळस. बहुतेक रेशनकार्डांवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास. तेल, भाजी, गॅस, घरभाडं, पोरांची फी, सगळं खिशातून. एवढ्यावर कोण तंगड्या पसरून बसेल? 2020च्या एप्रिलपासून तर नेहमीच्या धान्यावर आणखी 5 किलो फुकट मिळू लागलं. त्याच 2020-21 मध्ये मनरेगावर, म्हणजे सरकारच्या ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर, 11 कोटींहून जास्त लोक राबले, 389 कोटी मनुष्यदिवस. आदल्या वर्षी ते 265 कोटी होते. आपल्या मध्य प्रदेशात तेव्हा मजुरी होती दिवसाला 190 रुपये. धान्य घरात असूनही माणसं 190 रुपयांसाठी उन्हात माती उपसायला गेली. 'कामाला कोणी मिळत नाही' म्हणणाऱ्यांनी आपण रोज किती द्यायला तयार आहोत, तेही मेसेजमध्ये लिहावं.

'पूर्वी सरकार काही देत नव्हतं' हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. 1972च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडलेली, तिथे मिळणारी सुकडी खाल्लेली माणसं आपल्याच नात्यात निघतील. नगर-बीडकडच्या एखाद्या आत्याबाईंना फोन लावा. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा गेला. अमेरिकेतही 1933 मध्ये चारातला एक कामगार बेकार होता. तिथेही सरकारने कामं काढली, 1935 मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा केला.

आता मिली. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991ला बंद झाली. 5,895 कामगार होते. त्यांची देणी कोर्टात अडकली, आणि सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023ला. बत्तीस वर्षं! तोवर कित्येक कामगार वारले होते, पैसे आले ते त्यांच्या बायकांच्या, नातवंडांच्या हाती. इंदूर वाढलं हे खरंच, पण वाढलं ते विजयनगरच्या नव्या वस्तीकडे. पाटणीपुरा-परदेशीपुऱ्याच्या कामगार वस्तीत मात्र मिलीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस चौकीदार झाला, हातगाडीवर आला, आणि पोरगा दहावीतून दुकानात. शहराच्या सरासरीत हे दिसणार कसं?

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, आपण रात्रभर जागून बघतो. पूर्वी त्यामागे मिलीचा पैसा असे. मिली बंद झाल्यावर त्याच कामगारांनी वर्गणी मागून, मदतीसाठी दारं झिजवून त्या चालू ठेवल्या. मिलीचं नाव झांकीवर अजून आहे, भोंगा नाही. हे लोक आळशी?

आणि 'फुकट' फक्त धान्यालाच का म्हणायचं? सप्टेंबर 2019 मध्ये मंदीच्याच नावाखाली कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22वर आला. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. आपल्यातल्या अनेकांनी ती घेतली, बरोबरच केलं, आणि त्याने कोणी आळशी झाल्याचं ऐकलं नाही.

मेसेजमधलं एक मात्र खरं : काहीजण रेशनचा तांदूळ दुकानात विकतात. ते बेकायदा आहे, विकत घेणाऱ्या दुकानदाराला आधी धरा. पण माळव्यात रोजची पोळी गव्हाची. तांदूळ विकणारी बाई त्या पैशात तिथल्या तिथे तेलाची पिशवी नि पावशेर डाळ घेते.