‘तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही’

ऑक्टोबर २०२३. दसरा चार दिवसांवर आला होता आणि माझ्याकडं एकवीस ब्लाऊज कापून पडले होते. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला, ह्यांच्या नावाचं. हे पहिल्या पाळीला कोल्हापूरजवळ शिरोलीत, फौंड्रीत. मी सही करून पाकीट घेतलं आणि मशीनच्या फळीवर ठेवलं. एरवी ह्यांचं पत्र मी उघडत नाही. पण पाकिटावर एका पतसंस्थेचा शिक्का होता आणि त्या पतसंस्थेत आमचं साधं खातंसुद्धा नव्हतं. उघडलं.

अमुक इसमाने घेतलेल्या तीन लाखांच्या कर्जाला हे जामीन आहेत, कर्ज थकलंय, व्याजासह ३,४६,००० रुपये भरा, नाहीतर कलम १०१ खाली वसुली दाखल्याची कारवाई करू, असं आत लिहिलं होतं. तो इसम म्हणजे ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. लॉकडाऊननंतर धंदा उभा करायला त्यानं कर्ज काढलं होतं आणि ह्यांनी सही दिली होती.

दुपारी हे आले. डबा मोरीपाशी ठेवला. मी कागद पुढं केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही."

त्या रात्री मी खूप बोलले, ते सगळं इथं लिहीत नाही. पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर ही पोस्ट खोटी होईल. रागाच्या भरात माझ्याही तोंडून निघून गेलं की दुसऱ्या एका पतसंस्थेत माझी एक पिग्मी आहे, म्हणजे रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे नेतात ती ठेव. तीन वर्षं झाली, रोज पन्नास रुपये, पंचावन्न हजारांच्या वर जमलेत. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग मला का नाही बोललीस?" मी खरं तेच सांगितलं. "तुम्हाला कळलं असतं तर कुणाच्या तरी नडीला देऊन बसला असता."

म्हणजे एकाच दोन खोल्यांच्या घरात, लग्नाला सोळा वर्षं झालेली दोन माणसं. एकानं तीन लाखांचं ओझं लपवलेलं, दुसरीनं पंचावन्न हजारांचा आधार लपवलेला. दोघांचीही नियत चांगली. तरीही मुलीच्या क्लासची फी भरायला त्याच वर्षी मी माझ्या बहिणीकडून आठ हजार उसने घेतले होते.

आपल्याकडं नवरा पगार झाला की ‘घरखर्चाला’ देतो. आमच्याकडं पगार दहा तारखेला. बारा हजार माझ्या हातात यायचे आणि बाकीचं ‘बाहेरचं’ हे बघायचे. सिलिंडर, दूध, भाजी, वह्या, पाव्हणे हे आतलं. कर्ज, गाडी, विमा, गावाकडचं, मित्रांचं हे बाहेरचं. आणि बायको शहाणी असेल तर लोक म्हणतात, "बाई भागवती बघा." मलाही ते म्हटलेलं वर्षानुवर्षं गोड वाटायचं. आता नाही वाटत. एकूण किती येतं आणि किती जातं हे जिला माहीतच नाही, तिनं दिलेल्यात भागवायचं आणि त्याला हुशारी म्हणायचं, हे मला मान्य नाही. बाहेरचं बिघडलं की पहिली कात्री आतल्यालाच लागते. दूध एक लिटरचं अर्धा लिटर होतं, आणि का झालं ते मुलांना सांगायला मात्र आईच पुढं.

माझ्या सासूबाई कागल तालुक्यात गावाकडं असतात. दोन म्हशी आहेत. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि ते त्यांच्या हातात पडतं. त्यातनं पेंड, मीठ-मिरची, नातवंडांना खाऊ. दीड एकर उसाचं बिल मात्र त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नाही. तोड झाली, वजन झालं, बिल जमा झालं की त्यातनं आधी सेवा सोसायटीचं पीककर्ज कापून जातं, राहिलेलं पूर्वी सासऱ्यांच्या खात्यावर यायचं, आता थोरल्या दिरांच्या. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायला पाहिजे हे मी एकदा त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय करायचंय गं, मी कुठं त्यातलं बघतो?" ज्या बाईनं त्या उसाची भांगलण केली तिचं हे वाक्य. मला ते फार लागलं.

जामिनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात हा रोग घराघरात आहे. ‘नुसती सही आहे, पैसे थोडेच द्यायचेत,’ असं समजून माणसं जामीन राहतात. आम्ही एका वकिलांना भेटलो. त्यांनी सांगितलं की जामीनदार हा साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, त्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. पतसंस्थेनं आधी कर्जदाराकडून सगळे प्रयत्न संपवावेत आणि मगच जामीनदाराकडं यावं, असं बंधन नाही. आणि ते १०१ म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातलं कलम. तो दाखला एकदा निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते, जप्तीपर्यंत. हे सगळं ऐकताना हे खाली मान घालून बसले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

शेवटी मित्रानं थोडे भरले, दुसऱ्या जामीनदारानं थोडे, आणि आमच्या वाट्याला महिना सहा हजारांचे छत्तीस हप्ते आले. जानेवारी २०२४ पासून भरतोय. अजून अकरा राहिलेत.

ते हप्ते सुरू झाले त्या महिन्यात आम्ही लाल कापडी बांधणीची एक चोपडी आणली. दहा तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी, जेवणं उरकली की दोघं बसतो. पहिल्या रविवारी तीन तास गेले आणि निम्मा वेळ भांडण झालं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा ह्यांची पगाराची स्लिप नीट वाचली. हातात ३४,००० येतात. आणि ह्यांनी पहिल्यांदा माझ्या शिलाईचा वर्षाचा हिशोब बघितला. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत पंधरा हजार, आषाढ-श्रावणात सहासुद्धा नाहीत. सरासरी अकरा. त्यांना वाटायचं चार-पाच हजार असतील.

मग आम्ही वर्षाचे खर्च काढले, म्हणजे दर महिन्याला न येणारे पण दरवर्षी हमखास येणारे. वर्षाची चटणी (ब्याडगी, जवारी मिरची, मसाला आणि डंकाची कुटणावळ) ४,५००. धान्याची बेगमी २२,०००. दोन मुलांची फी आणि पुस्तकं ३६,०००. विम्याचे हप्ते १८,०००. दिवाळी १९,२००. गावची जत्रा १०,०००. घरफाळा ४,५००. दोन गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग ७,०००. बेरीज झाली १,२१,२००. भागिले बारा, महिन्याला १०,१००.

हा आकडा बघून आम्ही दोघं गप्प झालो. सोळा वर्षं आम्ही मार्च ते जून ह्या चार महिन्यांत चटणी, धान्य आणि फी एकदम आली की ‘यंदा जरा ओढाताण आहे’ म्हणत होतो. यंदा कसली? दरवर्षीचीच होती. आता ते १०,१०० दर महिन्याला वेगळ्या खात्यात जातात आणि मिरची घ्यायला लक्ष्मीपुरीत जाताना माझ्या पोटात गोळा येत नाही.

सगळं लिहून टाकते, लपवण्यासारखं आता काही नाही. दोघांचे मिळून ४५,०००. घराच्या कर्जाचा हप्ता ११,२००, जामिनाचे ६,०००, वर्षाच्या खर्चाचे १०,१००. महिन्याचं घर १४,००० त चालवतो, रविवारचं मटण त्यातच. महिन्यातनं दोनदाच आणतो. उरलेल्यातले दोघांना दीड-दीड हजार. शेवटी सातशे राहतात. बचतीचे सल्ले देणारे हसतील. पण हे सातशे मला माहीत आहेत आणि ह्यांनाही माहीत आहेत.

दीड हजारांचं सांगते, कारण ह्यावरनं माझ्या भाचीशी वाद झाला. ती आणि तिचा नवरा हिंजवडीत नोकरीला, सगळा खर्च निम्मा-निम्मा करतात. दोघांचे पगार जवळपास सारखे आहेत तोवर ठीक आहे. आमच्यात निम्मं-निम्मं करायला गेलं तर माझ्या वाट्याला बावीस हजार येतील, कमावते मी अकरा. कमाईच्या प्रमाणात वाटा घातला तरी मला पूर्ण पटत नाही. मशीनवर बसायला मला दिवसाचे पाचच तास मिळतात, कारण बाकीचे स्वयंपाकात, धुण्यात आणि मुलांच्या मागं जातात. ते तास कुठल्या रकान्यात लिहायचे? म्हणून आम्ही सगळं एकत्र करतो आणि हातखर्चाला दोघांना सारखेच पैसे. त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. हे चहा-तंबाखूला घालवोत, मी भिशीत घालीन नाहीतर साडी घेईन. हा विचारण्याचा हक्क सोडणं ह्यांना जमलं, मला जास्त जड गेलं. तंबाखूवरनं मी अजून बोलते, पण पैशावरनं नाही.

आमच्या गल्लीत लाडकी बहीणचे दीड हजार येणाऱ्या चार-पाच जणी आहेत. वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर म्हणून आम्ही त्यात बसत नाही. त्या योजनेबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. पण बाईच्या स्वतःच्या खात्यावर पैसे आल्यावर ‘हे कुणाचे?’ हा प्रश्न किती घरांत निघाला ते मी फॉल-पिको करता करता ऐकलंय. एकीच्या नवऱ्यानं पहिल्याच महिन्यात घरखर्चातनं दीड हजार कमी केले. ती म्हणाली, "मग मला काय मिळालं?"

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२१ च्या मे महिन्यात माझी एक शेजारीण विधवा झाली. कोरोना. नवरा पंचेचाळीसचा. त्याची खाती किती, पॉलिसी कुठली, कुणाचं देणं, कुणाकडनं येणं, तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मोबाईलचा पासवर्डसुद्धा नाही. चौदाव्यानंतर आम्ही दोघी कपाट उपसून बसलो. एका जुन्या पासबुकात, २०२० च्या मे मध्ये, ३३० रुपये कापल्याची ओळ होती. ती बोट ठेवून म्हणाली, हे कशाचे? बँकेत गेलो. ते प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे होते. १ जून ते ३१ मे असं त्याचं वर्ष चालतं, म्हणजे मृत्यू मुदतीत झाला होता. दोन लाख मिळाले तिला. त्याच पैशावर पोराचं बारावीचं वर्ष निघालं. आता हा हप्ता वर्षाला ४३६ आहे. ती ओळ नजरेतनं सुटली असती तर? आणि दुसऱ्या कुठल्या ओळी सुटल्या असतील? मी आजही तो विचार करते.

हे डोळ्यांनी बघूनसुद्धा मी त्यानंतर अडीच वर्षं माझी पिग्मी लपवून ठेवली आणि ह्यांनी जामीन. म्हणून म्हणते, नुसतं पटून उपयोग नसतो, बसावं लागतं. चोपडीच्या शेवटच्या दोन पानांवर आम्ही सगळं लिहून ठेवलंय: खाती, पॉलिसीचे नंबर, वारसाचं नाव कुठं लागलंय, कुणाला जामीन आहे. ह्यांच्या एकट्याच्या नावाचं बचत खातं दोघांच्या नावावर केलं, दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो काढू शकेल असं. माझी पिग्मी मी मोडली आणि पैसे बँकेत ठेवले. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकसुद्धा, ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. रोज दारात येणाऱ्या पिग्मीवाल्या काकांवर माझा विश्वास होता, आजही आहे. पण विश्वास माणसावर होता, संस्थेचा ताळेबंद मी कधी बघितला नव्हता.

त्या पैशाला आम्ही हात लावत नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीला महामार्गावर पाणी आलं, कामावर जाता येईना आणि त्या महिन्याचा पगार अर्धा आला. पुढच्या वेळी उसने मागायला नकोत.

मुलगी नववीत आहे. गेल्या महिन्यापासून तीही शेजारी येऊन बसते. तिनं परवा विचारलं, "बाबा, तुम्ही सही करायच्या आधी आईला का नाही विचारलं?" हे म्हणाले, "विचारलं असतं तर नको म्हणाली असती." मुलगी म्हणाली, "मग?" ह्यांच्याकडं उत्तर नव्हतं आणि मीही मधे पडले नाही.

ह्या रविवारी जत्रेचा विषय आहे. चोपडीत दहा हजार लिहिलेत. ह्यांचं म्हणणं पंधरा लागतील, पाव्हणे वाढलेत, भाऊबंदांत मान खाली घालायला नको. माझं म्हणणं दहाच, नाहीतर बकऱ्यात दिरांबरोबर वाटा करा. ते सातशे तर मी देणार नाही. बघू, कोण कुणाला पटवतंय.