‘नवा प्रोसेसर येतोय, थांबा’ : फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. शब्द इकडेतिकडे बदलतात, गाभा तोच राहतो. सध्या कॉम्प्युटर घेऊ नका. इंटेलची ‘नोव्हा लेक’ आणि एएमडीची ‘झेन ६’ ही प्रोसेसरची नवी पिढी येतेय, वेग दुप्पट होणार आहे. ती आली की आताच्या प्रोसेसरचे भाव कोसळतील. आज घेतलेलं मशीन वर्षभरात जुनं होईल, त्याचा सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बंद पडेल, एआय त्यावर चालणार नाही. आणि शेवटी ठसक्यात: थांबलात तर तुमचं काहीच जात नाही.

हा मेसेज वाचून मुंबईत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी खरेदी पुढे ढकलली आहे. त्यात हौशी गेमर थोडे. बाकी डीटीपी करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्चरला नुकताच प्रवेश घेतलेले, घरून जीएसटीचे रिटर्न भरून देणारे. म्हणजे ज्यांचं काम मशीन अडलं की अडतं, अशी माणसं. त्यांच्यासाठी हा एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

सुरुवात ‘वेग दुप्पट’पासून. गेल्या काही पिढ्यांचा हिशोब समोर आहे. एएमडीने २०२४ मध्ये ‘झेन ५’ आणली, तेव्हा एकाच घड्याळगतीला (क्लॉक स्पीडला) सरासरी १६ टक्के जास्त काम होतं, असा कंपनीचा स्वतःचा दावा होता. कंपनीचा दावा हा नेहमी तिला सोयीच्या कामांवरून काढलेला असतो, तरीही तो १६ टक्क्यांवर थांबला. इंटेलची १४वी पिढी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यातला आय५-१४६००के घ्या. आधीच्या १३६००के मध्ये १४ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते, यातही १४. कमाल वेग ५.१ वरून ५.३ गिगाहर्ट्झवर गेला, इतकाच फरक. (त्याच पिढीतल्या आय७ला मात्र १६चे २० कोअर मिळाले. त्याला खरी सुधारणा म्हणता येईल.)

कधी कधी तर नवं पाऊल मागे पडतं. २०२० च्या आय९-१०९००के मध्ये १० कोअर होते. २०२१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ११९००के मध्ये ८ उरले. २४ ऑक्टोबर २०२४ ला इंटेलची ‘ॲरो लेक’ बाजारात आली. ती वीज कमी खाते, रेंडरिंगसारख्या (तयार व्हिडिओ किंवा चित्र बाहेर काढण्याच्या) कामात चांगली आहे, पण बऱ्याच गेममध्ये ती आधीच्याच १४व्या पिढीतल्या आय९-१४९००केच्या मागे राहिली. लाँच ठरल्यासारखा झाला नाही हे कंपनीलाही मान्य करावं लागलं. जे केवळ गेमसाठी तिची वाट पाहत बसले होते, त्यांना त्या थांबण्यातून काय मिळालं?

आणि समजा २० टक्के वेग खरोखर वाढला, तरी १० मिनिटांचं रेंडर ८ मिनिटं २० सेकंदांत होईल. तेही पूर्ण काम प्रोसेसरवरच अवलंबून असेल तर. ज्याच्या मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क आणि ८ जीबी रॅम आहे, त्याचा वेळ प्रोसेसरपाशी जातच नाही. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. आणि लहान लहान फाइली वाचताना तर फरक याच्या कितीतरी पट पडतो. टास्क मॅनेजर उघडून काम चालू असताना डिस्क शंभर टक्क्यांवर आहे की रॅम भरलीय की प्रोसेसर, एवढं पाहिलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागावर) धुळीचा थर बसून प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो, तेही तपासा. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट यांचा खर्च किरकोळ असतो.

आता भावांचा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात पटणारा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

नवी पिढी आली की जुनी स्वस्त होते, हे दुकानात माल भरपूर पडून असेल तर काही आठवडे खरं ठरतं. पण कंपनी जुन्या चिपचं उत्पादन आधीच कमी करत आणते. ज्या चिपला मागणी असते ती मग स्वस्त होण्याऐवजी महागते. एएमडीचा रायझेन ७ ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ मध्ये आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा वारसदार ९८००एक्स३डी आला, आणि त्या सुमारास जुन्या ७८००एक्स३डीचा भाव आधीच्या उन्हाळ्यापेक्षा वर गेला होता. नवा मिळेना, जुना संपत आलेला.

दुसरी गोष्ट, पहिल्या दिवशी येतात ते महागडे नग. ॲरो लेकसोबत ऑक्टोबरमध्ये फक्त झेड८९० चिपसेटचे महागडे बोर्ड (मदरबोर्ड) आले. साधे बी८६० बोर्ड जाहीर व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. एएमडीचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला, पण कूलरसकट येणारा स्वस्त रायझेन ५ ७६०० जानेवारी २०२३ मध्ये, आणि सगळ्यात साधे ए६२० बोर्ड त्याच्याही नंतर. म्हणजे आपल्या बजेटमधला माणूस लाँचपर्यंत थांबत नाही, लाँचनंतरही काही महिने थांबतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे महिने धरलेलेच नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कॉम्प्युटर म्हणजे एकटा प्रोसेसर नव्हे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत काय झालं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात फिरलेल्या कुणालाही विचारा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी ओढली की डीडीआर५ या सध्याच्या पिढीच्या रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले. एसएसडीही चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला, आणि आपल्याकडे यातला जवळपास प्रत्येक सुटा भाग आयात होतो. उन्हाळ्यात ‘प्रोसेसर स्वस्त होईल’ म्हणून जो थांबला, त्याला प्रोसेसरवर दोन-तीन हजार वाचलेही असतील. पण ३२ जीबी रॅमवर त्याने त्याहून कितीतरी जास्त घालवले. भाव फक्त खाली जातात, या गृहीतकावर हा सगळा सल्ला उभा आहे. ते गृहीतक २०२०-२१ च्या चिपटंचाईतही खोटं ठरलं होतं.

‘वर्षभरात जुनं होईल’ याचं उत्तर विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीतच आहे. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी चालते, म्हणजे २०१७-१८ च्या चिपा. इतकी वर्षं झालेला आय५-८४०० आजही अधिकृत यादीत आहे, आणि एसएसडी व १६ जीबी रॅम असेल तर टॅली, ब्राउझर, एक्सेल त्यावर विनातक्रार चालतं.

सॉकेटबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. इंटेलचा सध्याचा एलजीए १८५१ घेणाऱ्याने पुढच्या पिढीची चिप त्याच बोर्डावर बसवण्याचा हिशोब करू नये. एएमडीचं तसं नाही. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलं आहे. तिचा इतिहासही आश्वासक आहे: २०१७ च्या बी३५० बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालला. तरीही स्वतःला एक प्रश्न विचारा, आजवर किती वेळा नुसता प्रोसेसर बदललात? माझ्या पाहण्यातले बहुतेक जण सहा-सात वर्षांनी पूर्ण मशीनच बदलतात. त्यांच्यासाठी सॉकेटचं भविष्य हा निर्णायक मुद्दा असूच शकत नाही.

एआयचं थोडक्यात. चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे दूरच्या सर्व्हरवर चालतात, तुमच्या मशीनला फक्त इंटरनेट लागतं. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ शिक्क्यासाठी ४० टॉप्स (वेगाचं एकक) क्षमतेचा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामासाठीचा चिपमधला खास भाग, लागतो, तो असलेले लॅपटॉप २०२४ पासूनच मिळताहेत. आणि घरच्या मशीनवर मोठी मॉडेल चालवायची असतील, तर आज तरी ग्राफिक्स कार्डाची मेमरी बघावी लागते.

यासोबत ‘नवं तेच चांगलं’ हा समज सूचक शब्दांत सगळ्या मेसेजभर पसरलेला आहे. त्याबद्दल एक आठवण करून देतो. इंटेलची १३वी पिढी ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. तिच्यातले आणि १४व्या पिढीतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होतात, हे कंपनीने मान्य केलं २०२४ च्या जुलैमध्ये. मग मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. जवळपास पावणेदोन वर्षं हा दोष लोकांच्या मशीनमध्ये होता. (या पिढ्यांची चिप तुमच्याकडे असेल किंवा सेकंडहँड घेणार असाल, तर आधी बायोस अपडेट करा.) बाजारात वर्षभर राहून तपासला गेलेला प्रोसेसर घेण्यात कमीपणा काहीच नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘थांबलात तर काहीच जात नाही’. माझा खरा विरोध याला आहे.

ज्याचं मशीन चालतंय त्याचं काही जात नाही, हे खरं. पण त्याला नवं मशीन लागतच नाही, मग त्याने कशाची वाट पाहायची? ज्याचं मशीन अडतंय त्याचं रोज जातं. लालबाग-परळच्या मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं, जाहिरातींचे फ्लेक्स करणारा डीटीपीवाला घ्या. त्याचा वर्षाचा मोठा धंदा गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत होतो. फोटोशॉपमध्ये वीस फुटी बॅनरची फाइल सेव्ह व्हायला पाच मिनिटं लागतात, समोर कार्यकर्ता उभा असतो, “दादा, फक्त अध्यक्षांचा फोटो बदला, पाच मिनिटांचं काम आहे.” असं रोज पाऊण तास जात असेल, तर महिन्याच्या २५ दिवसांत जवळपास १९ तास झाले. नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस आणू, असं इंटेलने सांगितलंय. तोवर गणपती होऊन गेलेले असतील, नवरात्रही.

लग्नाच्या व्हिडिओंचंही तसंच. नव्या कॅमेऱ्यांचं एच.२६५ प्रकारचं दहा-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फुटेज टाइमलाइनवर अडखळतं, तेव्हा एडिटरला वाटतं प्रोसेसर कमी पडतोय. ते फुटेज चिपमध्येच उलगडण्याची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतही आली आहे. त्याला हवी ती गोष्ट आजच दुकानात आहे. पुढच्या पिढीपर्यंत थांबणं म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचा सबंध हंगाम जुन्या मशीनवर काढणं.

शिवाय सुरक्षेचं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा पाठिंबा संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट घेतली असतील तर तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील हाताळणाऱ्या माणसाला ‘अजून थोडं थांबा’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. त्याच्यासोबत त्याच्या गिऱ्हाइकांचीही माहिती धोक्यात जाते.

आणि थांबण्याला अंत असतो, हे तरी कशावरून? जुलै २०१५ मध्ये इंटेलने सांगितलं होतं की १० नॅनोमीटरच्या (अधिक बारीक बांधणीच्या) चिपा २०१७ च्या उत्तरार्धात येतील. डेस्कटॉपवर त्या खऱ्या अर्थाने आल्या नोव्हेंबर २०२१ मध्ये. झेन ५ची तर बोटावर मोजण्याइतके दिवस आधी, ३१ जुलै २०२४ ही जाहीर झालेली तारीख ऑगस्टवर गेली. मग चिप आल्यावर पुन्हा नवा मेसेज येणारच, त्यापुढच्या पिढीचा.

थांबणं योग्य ठरलं अशी उदाहरणं आहेत, ती लपवायची नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची एम१ चिप आली. त्याच वर्षाच्या मध्यात इंटेलवाला मॅकबुक एअर घेणाऱ्यांना वाईट वाटणं साहजिक होतं, कारण वेग आणि बॅटरी दोन्हींत फरक प्रचंड होता. पण तो बदल ॲपलने जूनमध्येच जाहीर केला होता, पहिलं मशीन वर्षअखेरीस येईल हेही सांगितलं होतं.

म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी चार गोष्टी विचारतो. कंपनीने विक्रीची तारीख जाहीर केली आहे का? ती महिना-दीड महिन्याच्या आत आहे का? तुमच्या बजेटमधला प्रोसेसर आणि बोर्ड त्याच तारखेला येणार आहेत का? तोवर तुमचं आताचं मशीन काम रेटेल का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर थांबा, आणि लाँचनंतर स्वतंत्र चाचण्या वाचून मगच पैसे द्या. एकही ‘नाही’ असेल, तर लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरा, दोन-तीन दुकानांत रॅम, एसएसडी, बोर्ड, प्रोसेसर यांचे भाव वेगवेगळे लिहून घ्या, जीएसटीच्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर टाकून घ्या. आणि आधी रॅम पक्की करा. सध्या भाव तिचेच सगळ्यात बेभरवशाचे आहेत.