हाताला काळं लागू नये म्हणून

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, स्टेटसला फोटो पडला. आता प्रश्न एकच उरला, पोराला घालायचं कुठं? गडबडून जाऊ नका. हा प्रश्न सोडवायची कोल्हापुरात एक चालत आलेली रीत आहे. ती नीट पाळलीत तर पोरगं पंचविशीपर्यंत कुठल्याही कामाच्या वाऱ्याला उभं राहणार नाही, याची हमी मी देतो.

निर्णय पोराच्या आवडीवर घ्यायचा नसतो, एवढं आधी डोक्यात बसवा. मार्कांवरही घ्यायचा नसतो. तो पाहुण्यांवर घ्यायचा असतो. श्रावणात कुणाच्या तरी पूजेला सगळे जमणार, पंगतीत आत्ती शेजारी बसणार आणि विचारणार, "थोरलं काय करतंय रं आता?" "सायन्सला घातलंय" म्हटलं की आत्ती मान हलवून भाताकडं वळते. पण चुकून "आयटीआयला घातलंय, फिटरला" असं तोंडातून गेलं की तिचा घास वाटेतच थांबतो. "अगंबाई, इतकं कमी पडलं व्हय मार्क?" मग तुम्ही सांगत बसा, पोराला चांगले ८१ टक्के आहेत, त्यानं स्वतःहून फॉर्म भरलाय. तोवर ताक वाढून झालेलं असतं आणि तुमच्या पोराचं नाव 'वाया गेलं'च्या खात्यावर पडलेलं असतं.

कायदासुद्धा पाहुण्यांच्याच बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारवर बंधन सहा ते चौदा वयाचं, म्हणजे आठवीपर्यंतचं. त्यापुढचं खातं आत्तीकडं आहे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथं शंभर वर्षांनी सायन्स सक्तीचं झालं. प्रगतीच म्हणायची. मोफत तेवढं राहिलं नाही.

तर अॅडमिशन होईपर्यंत पोराला कळंबा रोडकडं फिरकू देऊ नका. शासकीय आयटीआय तिकडंच आहे, आणि आत डोकावलं की मन पाघळायचा धोका असतो. फिटरच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरांना सुरुवातीला नुसती कानस मारायला लावतात. लोखंडाचा एक तुकडा व्हाईसमध्ये धरायचा आणि घासत राहायचं. बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड? मग ते पोरगं तुकडा सोडवून त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवतं, उजेडाकडं धरून एक डोळा मिटतं, आणि दोन्ही टोकांना गुण्याखालनं उजेडाची बारीक रेघ दिसते. मध्ये फुगवटा आलाय. हात पुढं जाताना कानस झुलली की असा फुगवटा येतोच. सर काही बोलत नाहीत, नुसतं बोट दाखवतात. तुकडा परत व्हाईसमध्ये. असं करत करत कधीतरी ती रेघ दिसायची बंद होते, तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते पालकांनी बघण्यासारखं नसतं. नंतर घरी येऊन भलतेच विचार सुचतात.

त्याच वेळी तुमचं सायन्सचं पोरगं अकरावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर कॅलिपर हातात घेत असतं. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, ०.०१ सेंटिमीटर, आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेली. आयटीआयच्या पोराच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, म्हणजे पाचपट बारीक, आणि माप चुकलं तर घडवलेला तुकडा भंगारात. पण दोघांपैकी 'हुशार लाईन' कुठली, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक बातमी मात्र घरात अजिबात शिरू देऊ नका. दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे फिटरसारखा कोर्स, करून आयटीआय पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात घेतात, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे हाताला काळं लावून घेतलेलं पोरगंसुद्धा त्याच डिग्रीपर्यंत पोचू शकतं, वर मशीन उघडून बंद करता येतं ते वेगळंच. हे पोराच्या कानावर गेलं तर "आयटीआय केलं की शिक्षण संपलं" हे तुमचं हुकमी वाक्य हातातून जाईल. पेपरात तसलं काही छापून आलं तर ते पान भडंगाच्या पुडीला लावा.

आता पुढचा प्रवास. अकरावी सायन्स, क्लास, सीईटी, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागल-हातकणंगल्याच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला रात्रंदिवस लोखंड वितळतंय, गाड्यांची आणि पंपांची कास्टिंग ओतली जातायत, सीएनसी मशीन फिरतायत. म्हणूनच मेकॅनिकल घ्यायचं नाही. गावात जे पिकतं ते शिकायचं नाही, हा आपला नियम आहे. कॉम्प्युटर झाला की हिंजवडी, आणि हिंजवडीनं घेतलं नाही तर अभ्यासिका.

अभ्यासिकेबद्दल गैरसमज नको. 'तयारी करतोय' हा आज महाराष्ट्रातला सगळ्यात इभ्रतीचा व्यवसाय आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. फी खुल्या गटाला हजार रुपये, राखीवला नऊशे. गणित करत बसू नका, तयारी करणाऱ्याला गणित फक्त बुद्धिमापन चाचणीत करायचं असतं. शिवाय खुल्या गटाला ३८ व्या वर्षापर्यंत फॉर्म भरता येतो. तोवर डबा घरचा, आणि आत्तीला सांगायला उत्तर तयार. त्याच्याच वर्गातला वेल्डर तोवर स्वतःचं मशीन घेऊन, गाळा भाड्यानं घेऊन, हाताखाली दोन पोरं ठेवून बसलेला असतो. असू दे. त्याला 'काय करतोस' विचारलं तर सांगता येतं का त्याला इंग्रजीत?

आणि सरकारनंही प्रतिष्ठेचा दर ठरवून दिलाय, त्यामुळं माझ्यावर विश्वास नसेल तर सरकारवर ठेवा. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. कामावर काही महिने शिकायचं आणि महिन्याला विद्यावेतन घ्यायचं. बारावीवाल्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. पदवी कुठलीही चालते. म्हणजे दोन वर्षं कानस मारून पोरगं बारावीपेक्षा दोन हजारांनी वर चढतं, आणि ज्यानं तीन वर्षं कॉलेजच्या कट्ट्यावर काढून परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचलं ते त्याच्यापेक्षा दोन हजारांनी वर बसतं. याहून स्वच्छ सल्ला मी काय देणार?

मुलगी असेल तर काम आणखी सोपं. आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, हे तिला कुणीतरी सांगणारच. ती म्हणाली मला टर्नर व्हायचंय, लेथ मशीन चालवायचंय, तर ओरडू नका. नुसतं आईकडं बघा. आई म्हणेल, "आणि सासरी लेथ देणाराय का तुझा बाबा?" विषय मिटतो. शिवणकाम चालेल. तेही घरच्यापुरतं.

एवढं झालं की तुमच्यातले निम्मे लोक अंगावरचा पालकाचा सदरा उतरवतील आणि कारखानदाराचा चढवतील, कारण या गावात ही दोन्ही माणसं बऱ्याचदा एकच असतात. रात्री जेवताना जो म्हणतो "माझं पोरगं आयटीआयला? डोकं फिरलंय काय?", तोच सकाळी एमआयडीसीत कपाळाला हात लावून म्हणतो, "माणूसच मिळंना राव." तुमच्यासाठी वेगळा सल्ला आहे.

शिकाऊ उमेदवार कायदा आहे १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. घ्या. पण शिकवू नका. त्याच्या हातात झाडू द्या, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, उभा करा, चार वाजता चहाची किटली द्या. चुकूनही त्याला मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या, जुन्या मामांशेजारी उभं करू नका. हे मामा वाळूची मूठ भरतात, दाबतात, मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडतात आणि तुटलेली कड बघून सांगतात, "ओली हाय. आज ओतू नका." तुम्ही ऑर्डरच्या घाईत ओतता, आणि दुसऱ्या दिवशी मशिनिंगला गेलेल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं, निघतात, कारण त्या पाण्याची वाफ होऊन धातूत अडकलेली असते. मामा काही बोलत नाहीत, तंबाखू मळतात. पुढच्या वर्षी मामा रिटायर होतील आणि ती मूठ त्यांच्याबरोबर गावाकडं जाईल. तुम्ही मॉइश्चर टेस्टर घ्या. त्याचं रीडिंग कसं घ्यायचं ते बिहार-ओडिशाकडनं आलेल्या पोराला शिकवा. ते शिकेल, कारण त्याची आत्ती इथं नाही. मग स्टेजवर गेलात की 'भूमिपुत्रांना रोजगार' यावर दहा मिनिटं बोला.

बोलताना जुन्या मेस्त्रींची आठवण काढायला विसरू नका. श्रोते हळवे होतात. उद्यमनगराची, आपल्या जुन्या कारखान्यांच्या वसाहतीची, गोष्ट सांगताना कारखानदार म्हादबा मेस्त्रींचं नाव घ्या. कलेकडं वळायचं असेल तर बाबूराव पेंटर घ्या. त्यांचंही घराण्याचं आडनाव मेस्त्रीच. त्यांनी मूकपटाच्या जमान्यात इथंच कोल्हापुरात बसून स्वतः कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. या माणसांकडं कुठल्या कॉलेजची डिग्री होती, असं मागच्या रांगेतल्या कुणी विचारलं तर सूत्रसंचालकाला खूण करा. हार घालायला मेस्त्री लागतो, पण सोयरीक करायची म्हटली की आपल्याला पॅकेज लागतं.

एवढं सगळं पाळूनही काही पोरं हाताबाहेर जातात. घरच्यांना न जुमानता ट्रेड करतात, ट्रेडचं सर्टिफिकेट आणून टीव्हीवर ठेवतात. अशा वेळी खचून जाऊ नका, उपाय आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केलाय. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर, सगळे त्यांना हवेत. त्यांची स्वतःची पोरंसुद्धा शाळा संपली की आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय शाळेत, अशी दोन ते साडेतीन वर्षं शिकतात, आणि तिथं म्हणे त्यांच्या आईबापांना त्याची लाज वाटत नाही. विचित्र लोक. पण गाड्या बऱ्या बनवतात.

पोरगं तिकडं लागलंच, तर इथला फिटर रातोरात इभ्रतीचा होतो. तरी लग्नाचा बायोडाटा जपून करा. 'फिटर' लिहू नका, 'टेक्निकल, जर्मनी' लिहा. शिक्षणाच्या रकान्यात 'इंजिनिअरिंग लाईन' पुरे, कोण उकरून काढतंय? पगार युरोत लिहा, रुपयात करायचं काम मुलीकडच्यांना करू द्या. फोटो शक्यतो सुटातला द्या. कारखान्यातला द्यायचाच झाला तर हेल्मेट पांढरं असेल असा बघून द्या. पिवळं कामगाराचं असतं.